जाळ्याची आस मोजणारा सर्जन

मृगाचे दोन-चार दणदणीत पाऊस झाले आणि उल्हास नदी गढूळ होऊन फुगली, की वांगणी, शेलू, नेरळच्या शिवारात वलगणीचे मासे चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. मळे, शिवडे, वाम, जे मिळेल ते. रात्री बॅटऱ्या घेऊन गावेच्या गावे बाहेर पडतात. कुणाकडे पाग असतो, कुणाकडे कोयती, तर कुणी जुन्या मच्छरदाणीचा तुकडाच ओढ्याला आडवा बांधतो. त्या दिवसांत बदलापूर-वांगणीच्या घराघरांत या माशांचे कालवण होते आणि त्यातली गाबोळी मुलांच्या ताटात आवर्जून वाढली जाते.

ही गाबोळीच गोष्टीचे मूळ आहे. मासे चढतात ते अंडी घालायला. उथळ, कोमट, गाळाने समृद्ध अशा खाचरात पिलांना खाणे मिळते आणि मोठ्या माशांपासून आसराही मिळतो. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरले की पिले नदीत परततात. म्हणजे जाताना आया आणि येताना पिले, दोघेही एकाच चिंचोळ्या वाटेवर सापडतात. हा धोका भारतभर फिरून, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवून ज्याने पहिल्यांदा सरकारपुढे मांडला, तो एक लष्करी सर्जन होता. नाव फ्रान्सिस डे. माशांच्या शास्त्रात आजही त्यांच्या ग्रंथाशिवाय पान हलत नाही. मासेमारीला मर्यादा कुणी, कुणावर आणि किती घालायची, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र ग्रंथाइतका प्रसिद्ध झाला नाही.

डे यांचा जन्म १८२९ सालचा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८५२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात सहायक सर्जन म्हणून दाखल झाले. ब्रह्मदेशाच्या दुसऱ्या युद्धात त्यांनी काम केले, पुढे दख्खनच्या हैदराबादेत आणि कोचीनला नेमणुका झाल्या. त्या काळच्या लष्करी डॉक्टरांना निसर्गाचा छंद असणे नवलाचे नव्हते. वनस्पती, पक्षी, फुलपाखरे जमवणारे सर्जन प्रत्येक छावणीत सापडत. डे यांना कोचीनच्या बाजारात मासे सापडले. सकाळी टोपल्यांत येणारा माल ते पाहत, अनोळखी दिसला की विकत घेत, खवल्यांच्या आणि पराच्या काट्यांच्या ओळी मोजत, मोजमापे लिहून ठेवत. १८६५ मध्ये त्यांचे मलबारच्या माशांवरचे पुस्तक निघाले. मधल्या काळात निलगिरीच्या थंड ओढ्यांत विलायती ट्राउट वाढवावा म्हणून त्यांनी इंग्लंडहून अंडी आणण्याचा खटाटोप केला. ती वाटेतच मेली.

डॉक्टराची नजर त्यांच्या प्रयोगांत दिसते. मरळीसारखे काही मासे चिखलात, डबक्यात तग धरतात, हे गावोगावचे लोक जाणून होते. डे यांनी असे मासे स्वच्छ पाण्यात ठेवले, पण त्यांना पृष्ठभागापर्यंत येऊ दिले नाही. मासे गुदमरून मेले. पाणी चांगले असूनही हवेचा घोट मिळाला नाही की हा मासा जगत नाही, हे त्यातून दिसले. या माशांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जादा पोकळी असते आणि तिच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या हवेतला प्राणवायू घेतात. मरळ बाजारात तासन् तास जिवंत राहते ती याच सोयीमुळे.

छंदाची नोकरी झाली ती एका पत्रामुळे. दक्षिणेत कावेरी, गोदावरीवर मोठी पाटबंधाऱ्याची कामे उभारणारे इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांनी १८६७ च्या सुमारास लंडनला कळवले, की नदीवरच्या बंधाऱ्यांनी समुद्रातून वर चढणाऱ्या माशांची वाट अडली आहे आणि त्याचा फटका मासेमारीला बसत असावा. ज्याने बंधारे बांधले त्यानेच ही शंका काढावी, हे सरकारी कारभारात दुर्मीळच. चौकशीसाठी डे यांना पाठवण्यात आले. कावेरीच्या कोलरून फाट्यावर हिलसा, म्हणजे आपल्याकडे ज्याला पाला म्हणतात तो मासा, बंधाऱ्याच्या भिंतीखाली येऊन अडकत होता. तिथे तो हवा तेवढा मारला जाई, आणि वरच्या अंगाला त्याची वीण बंद पडे. डे यांनी बंधाऱ्यात माशांसाठी मोकळ्या वाटा ठेवा असे सुचवले. पुढच्या शतकात, १९७५ मध्ये, गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा वरच्या गंगेत जवळपास दिसेनासा झाला.

त्यानंतर ओरिसा, बंगाल, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला आणि १८७१ मध्ये ते हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. एवढ्या मोठ्या मुलखाची तपासणी एकटा माणूस करणार कशी? त्यांनी साथीच्या रोगात करतात तसे केले. प्रश्नावली काढली. मुंबई इलाख्यासह सर्व प्रांतांच्या कलेक्टरांकडे आणि देशी अंमलदारांकडे, तहसीलदारांकडे ती गेली. तुमच्याकडे मासे मारणारे कोण, तो त्यांचा पूर्ण धंदा की शेतीजोडीचा, बाजारात मागणीइतका मासा येतो का, पूर्वीपेक्षा वाढला की घटला, पिले मारली जातात का, खाचरात चढणारे मासे पकडतात का, आणि सर्वांत लहान जाळ्याची आस केवढी? आस म्हणजे जाळ्याच्या दोऱ्यांमधले भोक. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे बोलकी होती. कुठे कुठे ही भोके धान्याच्या दाण्याएवढी असल्याचे अंमलदारांनी कळवले. अशा जाळ्यातून निसटू शकेल असा मासा अंड्यातून अजून बाहेर यायचा असतो.

१८७३ मध्ये गोड्या पाण्याचा आणि समुद्राचा असे दोन स्वतंत्र अहवाल छापून आले. गोड्या पाण्याचा अहवाल काळजीचा होता. बारीक आसेची जाळी, ओढ्यांना घातलेले बांध आणि त्यात बसवलेले सापळे, विषारी पाला-फळे ठेचून पाण्यात सोडणे, पाणी ओसरताना पिलांचा संहार, माशांची वाट न ठेवता बांधलेले बंधारे. या सगळ्याच्या मुळाशी त्यांना आणखी एक कारण दिसले. जुन्या अमलात डोह, तळी, खाड्या यांवर राजाचा हक्क असे. ते ठरावीक कोळी-भोई कुटुंबांना खंडाने दिले जात, होडीवर वा जाळ्यावर मोहतर्फा बसे. इंग्रजी अमलात यातल्या पुष्कळ पट्ट्या उठल्या, हक्क सैल झाले आणि बऱ्याच ठिकाणी पाणी सर्वांना खुले झाले. गरिबावरचा कर गेला म्हणून हे चांगलेच वाटते. पण ज्या डोहावर पिढ्यान् पिढ्या चार घरे जगत होती, तिथे आता कुणीही उतरू लागला. आपण सोडलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल याची खात्री गेली, की आज सोडण्यात शहाणपण उरत नाही. पुढे १९५४ मध्ये कॅनडातले अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी हेच गणिताने मांडले. मासेमारी सर्वांना खुली असेल तर कमाई खर्चाच्या पातळीला येईपर्यंत नव्या होड्या येतच राहतात, शेवटी मासाही उरत नाही आणि नफाही. परवाने मर्यादित ठेवण्याची आजची सारी धोरणे या विचारावर उभी आहेत.

समुद्राबद्दल डे यांनी वेगळेच सांगितले, आणि हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे. समुद्रातला मासा आटल्याचा पुरावा त्यांना फारसा सापडला नाही, म्हणून तिथे बंधने घालण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. तिथल्या कोळ्याची अडचण मिठाची होती. सरकारी मीठ करामुळे इतके महाग, की पकडलेला मासा खारवण्यापेक्षा कुजू देणे परवडे. कित्येक जण खारी माती चोळून मासा वाळवत. अशा माशाने माणसे आजारी पडणारच. नीट न टिकवलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन साचते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे याला लोक माशाची ॲलर्जी समजतात, पण पुष्कळदा ती शिळ्या माशाची विषबाधा असते. डे यांनी मासे खारवण्यासाठी करमुक्त मीठ द्यावे असा पाठपुरावा केला. मद्रास इलाख्यात तशी खारवण-आवारे सुरू झाली आणि मलबार, दक्षिण कानडा किनाऱ्यावर त्यांचा चांगला उपयोग झाला.

गोड्या पाण्यासाठी त्यांच्या मागण्या थोड्या आणि ठोस होत्या. जाळ्याची आस ठरवून द्या, विष बंद करा, विणीच्या काळात ओढ्यातले अचल सापळे हटवा, पिलांची विक्री थांबवा, बंधाऱ्यांना वाटा ठेवा. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनी मात्र हात आखडले. मासा हे गरिबाचे फुकटचे अन्न आहे, बंदी घातली तर तो उपाशी मरेल, शिवाय शिपायाच्या हाती गरिबाला छळायचे नवे हत्यार जाईल, असे आक्षेप आले. ते सगळेच खोटे नव्हते. काट्यासकट खाल्ला जाणारा बोटभर मासा आजही कष्टकऱ्याच्या ताटातला कॅल्शियम, बी-१२ आणि उत्तम प्रथिनांचा स्वस्त साठा आहे. आणि डे यांच्या लिखाणात देशी लोकांच्या उधळ्या सवयींवर ताशेरे पुष्कळ आहेत. अंमलदारी तोरा त्यात आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र पुढच्या वर्षी मासाच नसेल तर गरीब काय खाईल, या त्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिले नाही. अहवाल फायलीत गेला.

१८७७ च्या सुमारास निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. भारतातील माशांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात भागाभागाने निघाला. चौदाशेच्या आसपास जाती, जवळपास दोनशे चित्रफलक. मुंबईचा बोंबील असो की सह्याद्रीतल्या ओढ्यातली खवली, आपल्याकडचा मत्स्य-अभ्यासक आजही आधी डे उघडतो. मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले माशांचे प्रमुख आल्बर्ट ग्युंथर यांच्याशी त्यांचे हाडवैर होते. दोघेही एकमेकांच्या चुका छापून दाखवत. त्या भांडणाचा परिणाम असा, की डे यांच्या संग्रहाचा मोठा वाटा १८८३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने विकत घेतला. भारतातल्या नद्यांमधून बरणीत गेलेले मासे तपासायचे तर संशोधकाला आज ऑस्ट्रेलिया गाठावी लागते.

हा सौदा झाला त्याच वर्षी लंडनला आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरले होते. भारतीय दालनाचे आयुक्त होते डे. उद्घाटनाच्या काळातले गाजलेले भाषण मात्र थॉमस हक्स्ली यांचे झाले. हक्स्लीही मूळचे सर्जन, आरमारातले. तरुणपणी रॅटलस्नेक या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ भिंतीच्या सर्वेक्षणात ते होते. आता ते सरकारी मत्स्य निरीक्षक होते आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे अध्यक्षही झाले. नदीतला सामन आणि ऑयस्टरच्या खाटा माणूस संपवू शकतो, हे त्यांनी मान्य केले. पण कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारखी समुद्रातली अफाट संपत्ती माणसाच्या हाताने संपणार नाही, तेव्हा तिथे निर्बंध फुकट आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. शिडाच्या होड्यांच्या काळात ते पटण्याजोगे होते. पुढे इंजिने आली, बर्फ आला, माशांचे थवे दाखवणारी यंत्रे आली. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. समुद्राबाबत डे यांचाही अंदाज हक्स्लींहून फार निराळा नव्हता. फरक इतकाच, की डे यांनी निर्णय मोजणीवर सोपवला होता, तत्त्वावर नाही.

पोटाच्या कर्करोगाने १० जुलै १८८९ रोजी डे गेले. साठीचे होते. आठ वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्य अधिनियम झाला. पाण्यात स्फोटके उडवून किंवा विष घालून मासे मारणे गुन्हा ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. अचल सापळे, जाळ्याची आस यांवर नियम करण्याचा आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. अहवालापासून कायद्यापर्यंत चोवीस वर्षे. सह्याद्रीच्या ओढ्यांत जिलेटीनची कांडी आणि कीटकनाशकाची बाटली त्यानंतर सव्वाशे वर्षांनीही गेलेली नाही. कीटकनाशकाने मेलेला मासा अंगावर जखम नसताना पोट वर करून तरंगतो. तो खाऊ नये, विकतही घेऊ नये. खाल्ल्यावर लाळ, घाम, उलट्या सुरू झाल्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

समुद्रावर परवान्याची मर्यादा आपल्याकडे बरीच उशिरा आली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. मालवणच्या रापणकरांनी वर्षानुवर्षे पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आवाज उठवल्यावर डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनुसार ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे आणि ही मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर चालू द्यायची, असे त्यात ठरले. २०२१ मध्ये कायदा बदलून दंड वाढला आणि खटले तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. डे यांनी ज्या तहसीलदारांना प्रश्न विचारले होते त्यांची यातून सुटका झाली ती दीडशे वर्षांनी! २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकारमान ठरले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचे नाही.

नुसता आकडा कमी केल्याने मात्र भागत नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर खडकाळ, प्रवाळी तळाशी राहणाऱ्या माशांच्या व्यापारी मासेमारीत १९९८ पासून नियम आहे, की नव्याने येणाऱ्याने आधीच्यांचे दोन परवाने विकत घ्यायचे, तेव्हा त्याला एक मिळतो. होड्या आपोआप घटतात. पण ज्याच्याकडे पैसा आहे तोच आत येतो आणि तरुण कोळी काठावर राहतो, अशी तिथली तक्रार आहे. शिवाय अशा माशांची वीण चमत्कारिक असते. मालवणचे खडक किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचा आंग्रिया बँक इथे सापडणारा गोब्रा घ्या. त्याच्या बहुतेक जाती जन्मतः मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यांतले काही नर होतात. सर्वांत मोठ्या गोब्राला भाव जास्त म्हणून तोच काढत राहिले तर नरच उरत नाहीत. इथे लहान मासा वाचवणारी आस पुरत नाही, मोठाही काही प्रमाणात पाण्यात राहावा लागतो, आणि त्यासाठी होड्या मोजाव्याच लागतात. अशा वेळी कात्री आधी कुणाच्या परवान्याला लावायची हे उघड आहे. एका रात्रीत टनांनी ओढणाऱ्याला, खाचरातल्या कोयतीवाल्याला नंतर.

डे यांनीच १८६५ मध्ये नाव दिलेला एक मासा याचा दाखला देतो. लाल-काळ्या पट्ट्यांचा, बोटभर, केरळच्या डोंगरी ओढ्यांतला. तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव डे यांनी त्याला दिले. काचेच्या टाकीत मासे पाळणारे त्याला मिस केरला म्हणून ओळखतात. परदेशी मागणीमुळे ओढे रिकामे होऊ लागले तेव्हा २००८ मध्ये केरळ सरकारने त्याच्या पकडीवर मर्यादा आणि बंदीचे महिने घातले. पुढे अभ्यासकांनी माशाची वीण तपासली, तर बंदीचे महिने आणि विणीचे महिने जुळतच नव्हते.